रिंगा बसेपर्यंत

इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधलं, हेड बसलं, तेल-पाणी भरलं, सेल्फ मारल्यावर गाडी गुरगुरली, की सगळ्यांना वाटतं काम झालं. मिस्त्री हात पुसतो, घरचे नारळ फोडतात. पण त्या घडीला इंजिनातलं सगळ्यात बारीक काम बाकी असतं आणि ते कुठल्याही लेथवर करता येत नाही. पिस्टनवरच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांनी एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाचं व्हायचं असतं. हे रस्त्यावर होतं, सुरुवातीच्या काही तासांत होतं, आणि नीट होणार की नाही हे चालवणाऱ्याच्या उजव्या पायावर ठरतं. शेवटचं मशिनिंग गाडीच्या मालकाकडे सोपवलेलं असतं, असंच म्हणायला हवं. मला ही मोठी जबाबदारी वाटते. आणि पुष्कळ लोक ती घाबरत घाबरत पार पाडतात याचं वाईटही वाटतं, कारण नव्यानं बांधलेली इंजिनं बेफिकिरीइतकीच अति काळजीनंही वाया जातात.

हे सगळं मी शिकले ते आत्याच्या गाडीमुळे. पांढरी प्रीमियर पद्मिनी, 1980च्या दशकातली, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली. आत्या गणिताची शिक्षिका होती आणि इंदूरच्या रामबागेतल्या घरून शाळेत स्वतः गाडी चालवत जायची. आता सत्तरी ओलांडली, तरी सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाला जायचं असलं की तीच चालवते, शेजारच्या दोन काकूंना घेऊन. गेली काही वर्षं गाडी तेल प्यायला लागली होती. चढावर दम कमी पडायचा, आणि उतारावर पाय सोडून पुन्हा दाबला की मागून निळा धूर निघायचा.

आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी, उस्तादांनी, आधी प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन दाबतो त्या हवेचा दाब, मोजलं. मग प्रत्येकात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं. तेलानं फट तात्पुरती बुजते, म्हणून आकडा वर गेला तर समजायचं रिंगा किंवा बोर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, झिजलाय. तेल टाकूनही तसाच राहिला तर दोष वॉल्व्हमध्ये शोधायचा. आमचे आकडे वर गेले. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवल्यावर सिलिंडरच्या वरच्या टोकाशी बोटाला एक कड लागत होती. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो, तिथे तेलाचा थर सगळ्यात पातळ आणि जाळाचा दाब सगळ्यात जास्त. म्हणून वरच्या रिंगेच्या पट्ट्यात भिंत झिजते, आणि त्याच्या वर, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे मूळ मापाची कड उरते. इतक्या वर्षांची झीज त्या कडेवर नखानं वाचता येत होती.

पद्मिनीचं इंजिन म्हणजे जुन्या फियाट 1100चं, 1089 सीसीचं. बोर 68 मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका बाजूची धाव, 75, ब्लॉक बिडाचा, हेड अल्युमिनियमचं. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ते वर्षानुवर्षं बनलं. त्याचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग अजून शोधलं तर मिळतात, आणि त्याचा प्रत्येक भाग हातानं उघडता येतो. आम्ही सिलिंडर बोर करून एक माप मोठे पिस्टन घ्यायचं ठरवलं. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, तपासून घासून घेतला, मेन आणि बिगएंडची बेअरिंग नवी, वॉल्व्ह सीटवर पेस्ट लावून घासून बसवले. कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्ह उघडायला लावणारा उंचवट्यांचा दांडा, चांगला होता म्हणून जुनाच ठेवला, पण त्यावर टेकणारे टॅपेट उस्तादांनी काढताना खुणा करून एका ट्रेमध्ये ओळीनं मांडले. प्रत्येक टॅपेट कॅमच्या आपापल्या उंचवट्यावर घासून बसलेला असतो. त्यांची अदलाबदल झाली तर दोन्हीकडची झीज पुन्हा नव्यानं सुरू होते. त्या ट्रेला हात लावायची गॅरेजमधल्या पोरांनाही परवानगी नव्हती.

ब्लॉक लेथवाल्याकडून परत आला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. मला वाटलं होतं सिलिंडर आतून आरशासारखा असेल. तो तसा नव्हता. होनिंगचे दगड फिरवून त्याच्या भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी काढलेली होती, एक ओळ उजवीकडे चढणारी, दुसरी डावीकडे, एकमेकींना छेदणारी. बोट फिरवलं की अगदी किंचित खरखर लागायची. मला एकदम आजीचं जातं आठवलं. जातं गुळगुळीत झालं की दाणा नुसता घसरतो, दळला जात नाही. मग टाकीवाली बोलवायची, ती छिन्नी-हातोडीनं दगडाला पुन्हा टाकी लावायची. आणि टाकी लावल्यावर पहिलं दळण कधी घरात खायचं नाही. ते कोंड्याचं काढायचं आणि टाकून द्यायचं, कारण त्यात दगडाची कच येते. सिलिंडरच्या भिंतीचं काम नेमकं ह्याच चालीचं आहे. खरखर हवी म्हणून मुद्दाम दिलेली. काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल असलेल्या त्या रेघांत तेल टिकून राहतं, आणि रेघांमधली उंच टोकं पहिल्या काही तासांत रिंगेला घासून सपाट होतात. रिंगेची धारही त्याच वेळी भिंतीचा आकार घेते. टोकं सपाट व्हावीत पण दऱ्या शिल्लक राहाव्यात, एवढंच साधायचं असतं. आणि त्या घासण्यातून निघालेला चुरा तेलात उतरतो, म्हणून पहिलं तेल टाकून द्यायचं. आजीला हे इंजिन दाखवलं असतं तर तिला एका वाक्यात कळलं असतं.

गाडी घरी यायच्या आधीच आत्या आणि उस्ताद यांच्यात मतभेद झाला. आत्याचं म्हणणं ठाम. "अगं, ही नवी घेतली तेव्हा सुरुवातीला पन्नासच्या वर काटा जाऊच द्यायचो नाही आम्ही. मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी पट्टी लावली होती. सगळे पुढे निघून जायचे, आम्ही जाऊ द्यायचो. म्हणून तर इतकी टिकली." उस्तादांच्या मुलीला आत्यानं शिकवलंय, त्यामुळे ते तिच्याशी वाद घालत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, तेज़ नहीं भगाना, ये बात सही है. पर फूल जैसा चलाओगे तो रिंग बैठेगी नहीं. इसको थोड़ा काम चाहिए."

मी त्या वाक्यावर बरेच दिवस विचार केला, वाचलं, उस्तादांना प्रश्न विचारून भंडावलं. आत्याच्या पट्टीमागे खरं कारण होतं. त्या काळच्या इंजिनांत घडीव पृष्ठभाग आजच्यापेक्षा खरबरीत असायचे, तेलं साधी होती, आणि नव्या पिस्टनला फट कमी. सुरुवातीलाच गाडी पळवली तर घर्षणाची उष्णता एवढी वाढायची की पिस्टन फुगून सिलिंडरला धरून बसायचा. म्हणून वेगाला लगाम. पण लगाम वेगाला होता, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांना आणि तापमानाला. लोकांनी त्याचा अर्थ लावला की पाय दाबायचाच नाही. ह्या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो.

रिंग भिंतीला कशानं चिकटते ते पाहिलं की घोळ सुटतो. वाफेच्या इंजिनांत पूर्वी पिस्टनभोवती चरबीत भिजवलेल्या तागाच्या दोऱ्या गुंडाळायचे. त्या सतत झिजायच्या, सतत आवळायला लागायच्या. 1850च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्लंडच्या रेल्वे इंजिनिअरनं धातूची, एका जागी कापलेली, स्वतःच्या ताणानं बाहेर फाकणारी रिंग आणली. आपल्या गाडीतली रिंग त्याच कल्पनेची आहे. ती खोबणीत किंचित सैल बसते. तिचा स्वतःचा ताण असतो, पण तो बेताचाच. खरा जोर येतो जाळाचा. पेट्रोलचा स्फोट झाला की तापलेला वायू रिंगेच्या वरून खोबणीत शिरतो, रिंगेच्या पाठीमागे जातो आणि तिला भिंतीवर दाबतो. ॲक्सिलरेटर चांगला दाबलेला असताना सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या तीस-चाळीस पट होऊ शकतो. गाडी नुसती जागेवर सुरू असताना सिलिंडरमध्ये जेमतेम घोटभर हवा जाते, मग दाब कुठून येणार? तेव्हा रिंग भिंतीवरून अलगद घसरत राहते. टोकं घासली जात नाहीत. वर राहिलेलं तेल जळतं आणि त्याचा वार्निशसारखा चिवट, चकचकीत थर भिंतीवर चढतो, रेघा बुजतात. ह्याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा भिंत अशी चकचकीत झाली की मग पुढे कितीही जोरात चालवा, रिंग बसत नाही. इंजिन पुन्हा उघडायचं, पुन्हा होनिंग, पुन्हा नव्या रिंगा.

देवासच्या एका ओळखीच्या गृहस्थांच्या गाडीचं असंच झालं. इंजिन उत्तम बांधलं होतं, सामान चांगलं होतं. त्यांनी ते जिवापाड जपलं. रोज सकाळी पोर्चमध्ये उभी करून गाडी "गरम" करायचे, मग पेपर आणायला चौथ्या गिअरमध्ये हळूहळू जाऊन यायचे. तेल कमी होणं थांबलं नाही. सगळ्यांनी मिस्त्रीला दोष दिला. पुन्हा उघडलं तेव्हा सिलिंडर आरशासारखे निघाले. त्या माणसानं गाडीवर प्रेमच केलं होतं, म्हणून मला ही गोष्ट जास्त लागते.

इथे एक हिशेब सांगते, मला तो फार आवडतो. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या घेतं तेव्हा, 75 मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये, पिस्टन एका फेरीत दीडशे मिलिमीटर जातो. म्हणजे मिनिटाला 450 मीटर, तासाला 27 किलोमीटर. बोटभर लांबीच्या त्या अंतरात वर-खाली करत रिंग तासाभरात इंदूरहून सिमरोल ओलांडून जाईल इतकी भिंत घासते. उंच टोकं फक्त काही मायक्रॉनची. साहजिकच पहिला तासच बरंच काही ठरवून टाकतो. पहिले हजार किलोमीटर सांभाळायचे असं आपण म्हणतो, पण त्यातले सुरुवातीचे थोडेच किलोमीटर खरे मोलाचे.

म्हणून पहिल्यांदा सुरू करण्याचा सोहळाही नीट समजून करायला हवा. उस्तादांनी बांधतानाच बेअरिंगना आणि कॅमला दाट वंगण लावलं होतं. सुरू करायच्या आधी चारही प्लग काढून ठेवले आणि सेल्फनं इंजिन नुसतं फिरवलं. प्लग नसल्यामुळे कॉम्प्रेशनचा भार नाही, बेअरिंगवर जोर नाही, पंप तेवढा तेल ओढतो. तेलाच्या दाबासाठी त्यांनी एक तात्पुरता मीटर जोडला होता, त्याचा काटा उठेपर्यंत प्लग लावले नाहीत. टायमिंग, पेट्रोल, कार्ब्युरेटर सगळं आधीच तपासून ठेवलेलं, कारण पहिल्याच वेळी सेल्फवर सेल्फ मारत बसावं लागलं तर कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. चोक ओढून ठेवण्याचाही तोच धोका.

गाडी सुरू झाली आणि आत्यानं सवयीनं म्हटलं, "चालू दे जरा, गरम होऊ दे." उस्तादांनी नम्रपणे, पण लगेच उत्तर दिलं, "नहीं मॅडम, खड़ी नहीं रखना. या चलाओ, या बंद करो." इंजिन थोडं वरच्या फेऱ्यांवर धरून त्यांनी तेवढ्यात पाण्याच्या पाइपांना, तेलाच्या जागांना, गॅस्केटच्या कडेला टॉर्च मारून गळती पाहिली. कॅम आणि टॅपेट नवे असते तर वीस-तीस मिनिटं इंजिन दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर ठेवावं लागलं असतं. ह्या जातीच्या इंजिनांत कॅमच्या उंचवट्यांना तेल मुख्यतः क्रँकच्या फेकण्यातून मिळतं, आणि संथ इंजिन तेल फेकत नाही. आमचा कॅम जुनाच असल्यामुळे ते टळलं. तापमानाचा काटा थोडा हलला आणि आम्ही निघालो.

कुठे? इंदूरमध्ये ह्या कामाला सुपर कॉरिडॉरसारखा रस्ता नाही. रुंद, सरळ, आणि पहाटे टीसीएस-इन्फोसिसच्या बसगाड्या सुरू व्हायच्या आधी जवळजवळ मोकळा. थंडीचे दिवस होते. 'शब-ए-मालवा' म्हणून मालव्याच्या रात्रीची कीर्ती आहे. शायरांनी ती वाऱ्याच्या झुळकीसाठी गायली असेल, पण नव्या इंजिनाच्या रेडिएटरलाही तीच हवा लागते. मे महिन्याच्या दुपारी हे काम मी कुणालाही करू देणार नाही.

उस्तादांनी शिकवलेली पद्धत अशी. गाडी साधारण चालवत पूर्ण तापू द्यायची, काटा आपल्या जागी येऊ द्यायचा. मग तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या आसपास यायचं, ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे दाबायचा आणि पंचावन्न-साठपर्यंत जाऊ द्यायचं. तिथे पाय पूर्ण सोडायचा, पण क्लच दाबायचा नाही, ब्रेक लावायचा नाही. गाडी गिअरमध्येच आपली आपण हळू होऊ द्यायची. तीसवर आली की पुन्हा. वेग चढताना जाळाचा दाब रिंगेला भिंतीवर टेकवतो. पाय सोडल्यावर थ्रॉटल बंद, चाकं मात्र इंजिन फिरवत असतात, त्यामुळे सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो आणि खालचं तेल थोडं वर ओढलं जातं. ते भिंत थंड करतं, घासून निघालेला चुरा धुऊन नेतं. काम आणि विसावा, काम आणि विसावा. मधून मधून एरवीसारखं चालवायचं. मग बाजूला लावून बॉनेट उघडायचं, बघायचं, वास घ्यायचा.

पद्मिनीला फेऱ्यांचा मीटर नाही. सगळं कानानं. पहिल्या काही वेळा वेग चढताना आवाज थोडा कोरडा, ताणलेला वाटत होता, आणि पाय सोडल्यावर गाडी पटकन हळू व्हायची, आतून कुणी धरल्यासारखी. हे पुन्हा पुन्हा करत गेलो तसा तो अडसर कमी होत गेला. पाय सोडल्यावर गाडी जास्त लांब वाहत जाऊ लागली. घर्षण कमी होतंय हे मला कुठल्याही आकड्याशिवाय, तळपायाला कळत होतं. इतकं स्पष्ट कळेल असं वाटलं नव्हतं. यंत्र आपल्या डोळ्यांदेखत बदलतंय, आणि आपल्या पायाच्या दाबानं बदलतंय, हा आनंद मला दुसऱ्या कशातून मिळालेला नाही.

करायचं नाही ते असं: एकाच वेगानं लांबवर जाणं, कारण मग रिंग एकाच तालात घासते. फेऱ्या टोकाला नेणं. आणि तिसरं, जे इंदूरच्या रहदारीत जवळजवळ प्रत्येक जण करतो, वरच्या गिअरमध्ये कमी वेगात पाय दाबणं. जवाहर मार्गावर रिक्षा आडवी येते, आपण वीसवर येतो, गिअर बदलायचा कंटाळा करून चौथ्यातच दाबतो आणि गाडी घरघरत, थरथरत उठते. जुन्या पद्धतीत ह्याला काळजीपूर्वक चालवणं समजतात, कारण वेग कमी असतो. खरं तर बेअरिंगवर ह्याच्यासारखा अत्याचार नाही. बेअरिंगमध्ये क्रँक तेलाच्या थरावर तरंगत असतो आणि तो थर फिरण्याच्या वेगानं तयार होतो. फेऱ्या कमी आणि स्फोटाचा दणका मोठा, अशा वेळी थर पातळ पडतो आणि धातूला धातू भिडतो. पहिले काही आठवडे आत्याला मी गाडी शहरात नेऊ दिली नाही, ती ह्यासाठी. ती रुसली, पण कारण सांगितल्यावर पटलं तिला. गणिताची बाई, कारण दिलं की ऐकते.

पहिल्या दिवशी गाडी पूर्ण गार झाल्यावर उस्तादांनी हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमानं पुन्हा टॉर्क केले, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळले. अल्युमिनियमचं हेड बिडाच्या ब्लॉकवर बसवलेलं. तापल्यावर अल्युमिनियम जास्त फुगतं, मधलं गॅस्केट दबून बसतं, आणि आवळलेले बोल्ट किंचित सैल पडतात. टॅपेटचं अंतरही त्यामुळे बदलतं, म्हणून तेही पुन्हा लावलं. हे काम लोक टाळतात. गाडी छान चालतेय, आता कशाला हात लावायचा, असं म्हणतात. काही महिन्यांनी गॅस्केट जातं आणि पुन्हा हेड उतरवावं लागतं.

तेल आम्ही साधं मिनरल, 20डब्ल्यू-40 घातलं होतं. सिंथेटिक तेलाचा मोह आत्याच्या भाच्याला, म्हणजे आमच्या पीथमपूरला नोकरी करणाऱ्या बंधूंना, फार होता. नवं इंजिन म्हणून महाग तेल द्यावं असं त्यांना प्रेमानं वाटत होतं. पण रिंगा बसेपर्यंत इंजिनाला थोडं घासू द्यायचंय, आणि ते तेल लवकरच फेकायचंय. उस्तादांनी सांगितलं होतं, पहिलं तेल पाचशे किलोमीटरच्या आत काढायचं. काढलं तेव्हा पसरट ट्रेमध्ये उन्हात धरून पाहिलं. तेलात बारीक रुपेरी झाक होती, रंग ढवळल्यासारखी. ड्रेनच्या नटाला चुंबक लावलेलं होतं, त्यावर काळसर मऊ लगदा जमला होता. बोटांत चोळला तर कण लागत नव्हते, नुसती पूड. कण लागले असते, किंवा पिवळसर चकाकी दिसली असती, तर बेअरिंगची चिंता करावी लागली असती. पुढच्या तेलात ती झाक कितीतरी कमी होती.

बंधू म्हणाले, "आता नव्या गाडीला असं काही करावं लागत नाही." बरंच खरं आहे त्यांचं. आजच्या कारखान्यांत होनिंग झाल्यावर उंच टोकं आणखी एका टप्प्यात आधीच सपाट करून देतात, रिंगांचे मुलामे वेगळे, मापं कितीतरी काटेकोर. नव्या गाडीच्या पुस्तकात सुरुवातीच्या किलोमीटरसाठी साध्याच सूचना असतात आणि त्या पाळल्या की पुरतं. पीथमपूरला 2021 मध्ये सुरू झालेला 11.3 किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग आहे, तिथे गाड्या किती ताण सोसतात ते ऐकून मी थक्क होते. पण गल्लीतल्या लेथवर बोर केलेल्या, हातानं होन केलेल्या इंजिनाला आधीच सपाट केलेली टोकं मिळत नाहीत. तिथे उरलेलं काम आपलं. नव्या गाडीचं पुस्तक बांधलेल्या जुन्या इंजिनाला लावू नये, आणि आत्याच्या पट्टीचा नियम नव्या गाडीला.

रिंगा बसल्या हे कशावरून ओळखायचं? एका सकाळी अचानक कळत नाही. डिपस्टिकवरची खूण सुरुवातीला किंचित उतरत होती, मग ती जागेवर राहू लागली. तेल भरायचं झाकण इंजिन सुरू असताना उघडलं की आधी तिथून भपकारा यायचा, जाळाचा वायू रिंगांमधून खाली निसटत होता. तो विरळ झाला. प्लग कोरडे, विटकरी-करड्या रंगाचे निघाले, चारही सारखे. जागेवर इंजिन आधीपेक्षा थोडं वरच्या फेऱ्यांवर चालू लागलं, कारण घर्षण घटलं, म्हणून कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा मागे फिरवावा लागला. मला ही खूण सगळ्यात विश्वासाची वाटते. शेवटी उस्तादांनी पुन्हा कॉम्प्रेशन घेतलं. चारही आकडे बांधल्या दिवशीपेक्षा वर आणि एकमेकांच्या जवळ आले होते. त्यांनी ते आत्याच्या जुन्या डायरीत तिच्याच पेनानं लिहून दिले.

त्यानंतर लवकुश चौराह्यावरून सांवेरमार्गे उज्जैनला गाडी नेऊन आणली, वेग बदलत, मध्ये थांबत. आता आत्याला महेश्वरला जायचंय, आणि तेही महूवरून जाम दरवाज्याच्या रस्त्यानं, जिथे मालव्याचं पठार संपतं आणि खाली निमाड दिसतो. जाताना उतार आहे, तो ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या धरावर उतरेल, ते तिला कुणी शिकवायला नको. परतीचा चढ खडा आहे. तिथे चौथ्यात रेटायचं नाही, आवाज जड झाला की आधीच गिअर उतरवायचा आणि पाय मोकळेपणानं द्यायचा, एवढं मी तिला सांगितलंय. निघायच्या आधी टॅपेट एकदा पाहून घ्यायचे आहेत आणि फॅनबेल्ट नवा टाकायचा आहे. उस्तादांनी गुरुवारी बोलावलंय.